मागे फिरा, पुढे नाश आहे

पश्चात्ताप कोणी करायचा, हे आमच्या घरात आधीच ठरलेलं होतं. थोरल्या भावाने. तो नीट होतोय की नाही, एवढंच मला बघायचं होतं.

थोरला भाऊ म्हणजे शमुवेल, आमचा शमूदादा. ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर वरच्या अंगाला त्याची भज्यांची टपरी आहे आणि खाली वस्तीत त्याचं घर. मध्ये रस्त्याच्या कडेला मी राहतो. म्हणजे रोज त्याला माझ्या दारावरून जावं लागतं आणि मला ते बघावं लागतं. त्याचा गुन्हा असा: आमच्या वडिलांची पेटी (वाजवायची, कपड्यांची नव्हे) त्याने गावच्या भजनी मंडळाला दिली. दिली याचा मला राग नाही. वडील स्वतःच चर्चमधली उपासना आटोपून त्या मंडळाला साथ करायला जात. पण याने ती आषाढात दिली, आणि तीही उघड्या टेम्पोतून! मुळशीच्या आषाढात माणूस छत्रीखाली भिजतो, तिथे लाकडी पेटीचं काय होणार? परत आली ती फुगून. भाता ओढला की सुराऐवजी नुसता खोकला यायचा.

मी टपरीवर जाऊन जाब विचारला. दादा म्हणाला, "चुकलं बाबा. झालं आता."

झालं आता! याला पश्चात्ताप म्हणतात? डोळ्यांत पाणी नाही, आवाज हलला नाही, हातातला झारासुद्धा खाली ठेवला नाही. ख्रिस्ती माणसाने चुकीची कबुली द्यायची ती भजी तळता तळता? त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं. मी बोलत नाही म्हणून त्याचं काही अडलं नाही, याचा राग वेगळा.

त्यातच माझी मान धरली. डॉक्टरांनी गळ्याला पट्टा बांधला. आता मला डावीकडे बघता येईना, उजवीकडे येईना आणि वर तर मुळीच येईना. फक्त समोर बघता येई, आणि समोरून नेमका दादा जात असे. माझी बायको मार्था म्हणाली, की राग उतरला तर मान आपोआप सुटेल. मी मग तिच्याशीही दिवसभर बोललो नाही.

अशात एका रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी पश्चात्तापावर उपदेश केला. मी खूश झालो, कारण दादा पलीकडच्याच बाकावर होता. पाळकसाहेब म्हणाले, पश्चात्ताप म्हणजे रडणं नव्हे. (हे मला पटलं नाही.) नुसतं वाईट वाटणंही नव्हे, पकडला गेल्यावर चोरालाही वाईट वाटतं. पश्चात्ताप म्हणजे मागे फिरणं. चुकीच्या वाटेला लागलेला माणूस थांबतो, तोंड फिरवतो आणि देवाकडे चालायला लागतो. क्षमा काही रडून मिळवायची नसते, ती आधीपासून दारात वाट बघत उभी असते. आपण फक्त वळायचं. आणि शेजारचा वळला की नाही, ते मोजत बसायचं नाही. हे शेवटचं सांगताना ते माझ्याकडे का बघत होते, मला कळलं नाही. पट्ट्याकडे बघत असतील, असं मी धरून चाललो. मग मी अख्खा उठून, अंगासकट वळून, दादावर काय परिणाम झालाय ते पाहिलं. तो डुलक्या घेत होता.

माझी मान फिरत नव्हती, पण डोकं फिरलं. घरी आल्या आल्या मी पिरंगुटच्या फ्लेक्सवाल्याला फोन लावला आणि मजकूर सांगितला: मागे फिरा, पुढे नाश आहे.

"रस्त्याला लावायचाय का, काका?"

"रस्त्यालाच. वळणावर. लांबून दिसला पाहिजे."

"आनि वर काय टाकू?"

"क्रॉस टाक. लाल, चांगला मोठा."

हा संवाद मी नंतर पुष्कळदा आठवून पाहिला. त्यात माझी चूक मला अजून सापडत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी त्याची माणसं माझ्या घराच्या अलीकडच्या वळणावर जांभळीला फलक बांधून गेली. दादा खालून वर येताना बरोबर त्याच्या तोंडासमोर येईल, असा. मी छत्री घेऊन जातीने हजर होतो. पण फलक उंच, आणि मला वर बघता येत नाही. खालूनच विचारलं, नीट दिसतोय का. त्यांच्यातला एक म्हणाला, "लई भारी दिसतोय. कुनाची फुडं जायची टाप न्हाई." मी समाधानाने घरी आलो.

आता शनिवारचं सांगतो. माझी मुलगी रुथ हिंजवडीत नोकरी करते. तिथल्याच एका मुलाचं आणि तिचं जमलं होतं. मुलगा आपल्या चर्चच्या मंडळीतलाच, घर मारुंजीला सोसायटीत. ती माणसं शनिवारी मागणी घालायला यायची होती. मुलाच्या आईचं मन मात्र अजून होत नव्हतं. एवढ्या आडबाजूला, एवढ्या पावसापाण्यात सोयरीक कशाला, असं तिचं म्हणणं. मुलाने हट्ट धरला म्हणून ती निघणार होती. ही भेट फिसकटली तर दुसरी होणार नाही, हे रुथने आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं आणि मला वेगळं बजावलं होतं, की शनिवारी कुणावरही चिडू नका. मी कशाला चिडतोय?

सकाळी दादा मोटारसायकलवरून वर निघाला. मी खिडकीत उभाच होतो. तो वळणावर थांबला, वर बघून फलक वाचला. चांगला सावकाश वाचला. आता हा गाडी लावणार, माझ्या दारात येणार, खाली मान घालणार. त्याने चेहऱ्यावरचं पाणी पुसलं, माझ्या खिडकीकडे बघून हात केला आणि गाडी पुढे काढली. पुढे! इतका निर्ढावलेला माणूस मी पाहिला नाही. पाहुण्यांसाठी बशीत काढलेले निम्मे काजू मी त्या संतापात उभ्या उभ्या खाऊन टाकले.

नंतर एक नवल दिसायला लागलं. पावसाळ्यातल्या शनिवारी आमच्या रस्त्याला पुण्याच्या गाड्यांची रीघ असते. पोरं गाडीच्या टपातून अंग बाहेर काढून ओरडत जातात, आणि मला त्यांचाही राग येतो. त्या दिवशी रस्ता ओस पडला. धुक्यातून वळणाशी दिवे यायचे, थबकायचे आणि आल्या वाटेने परत जायचे. एसटीसुद्धा परत गेली. शेजारचे धोंडिबा विचारायला आले, "याकोबराव, दरड कुटं पडली म्हनायची?" मी ठासून सांगितलं, ताम्हिणीत. त्यांनी ते फोनवर चौघांना सांगितलं, आणि पौडपर्यंत पोचेस्तोवर दरडीबरोबर एक पूलही वाहून गेला. मी ओट्यावर उभा राहून सरकारचा उद्धार केला. रस्ता बंद आहे तर आदल्या दिवशी सांगायला काय होतं यांना?

मार्था म्हणाली, की भाऊजी वर अडकले असतील. मी म्हटलं, बरं झालं. म्हटलं खरं, पण त्यानंतर मी सारखा ओट्यावर जाऊन घाटाच्या बाजूला कान देत होतो.

तेवढ्यात मुलाच्या वडिलांचा फोन आला. ते परत निघाले होते. तुमच्या गावाजवळ धोक्याचा बोर्ड आहे, घरातली मंडळी घाबरली, आता बघू पुढे, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी पेटलो. आजच्याच दिवशी बोर्ड? कुणाच्या डोक्यातून निघालं हे? ज्याने लावला त्याला त्याच झाडाला बांधतो, असं मी म्हणत होतो. मार्था छत्री घेऊन वळणापर्यंत गेली. परत आली. छत्री कोपऱ्यात टेकवली.

"अहो, तो तुमचाच आहे."

तिने मोबाइलवर फोटो काढून आणला होता. पिवळाधमक फलक, काळी किनार, कोपऱ्यात धोक्याचा त्रिकोण, आणि माझ्या शब्दांच्या वर ही भलीमोठी लाल फुली. मी क्रॉस म्हणालो, त्याने फुली मारली! आयुष्यभर मराठीत प्रार्थना केली, क्रूस क्रूस म्हणत आलो, आणि फ्लेक्सवाल्याशी बोलताना नेमकं इंग्रजी सुचलं.

"त्याची आई म्हणतेय, देवानेच खूण दाखवली," रुथ म्हणाली. ती रडली नाही. माझ्यावर ओरडलीही नाही. बशीत उरलेले काजू तिने परत डब्यात भरायला घेतले. ते बघताना मला माझाच राग आला. राग ही मला रोजची गोष्ट आहे, पण या बाजूने तो कधी आला नव्हता, आणि त्याचं काय करायचं असतं ते मला माहीत नव्हतं. मी मुलाच्या वडिलांना फोन लावत सुटलो. आमच्याकडची रेंज नेहमीप्रमाणे पावसाला भिऊन पळाली होती.

आणि दारात मोटारसायकल थांबली. शमूदादा, निथळत. मागे भज्यांचा मोठा डबा आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं एक गाठोडं.

"टपरीवर कुत्रं न्हाई आज," तो म्हणाला. "तुझी वैनी भज्यांचा डोंगर घिऊन बसलीया. सगळी गिऱ्हाइकं तुझ्या बोर्डाला भिऊन गेली."

मी तोंड उघडलं, पण त्याने रुथकडे पाहिलं आणि विचारलं, पाहुणे कुठायत? रुथने सांगितलं. त्याने एकही प्रश्न विचारला नाही. गाठोडं सोडून माझ्या हातात दिलं. "धर. भिजू दिऊ नको." मग गाडी वळवली आणि भज्यांच्या डब्यासकट खाली निघून गेला.

गाठोड्यात पेटी होती. मार्थाने भाता ओढून पट्टी दाबली आणि स्वच्छ सूर निघाला. वडिलांचा सूर. मग मला कळलं, की घाट उतरून माणगावला पेट्या दुरुस्त करणारा एक जण आहे, दादाने ती तिथे टाकली होती, आणि रुथच्या मागणीला वाजली पाहिजे म्हणून आज सकाळी टपरी वहिनीवर सोपवून तो ती आणायला गेला होता. मार्थाला हे वहिनीने सांगितलं होतं.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही बोलत कुठे होता?"

म्हणजे ज्याला मागे फिर, मागे फिर म्हणून मी फलक लावला, तो कधीच फिरला होता. फिरलेला माणूस पुढे जाताना दिसला आणि मी काजू खात त्याच्यावर संतापत होतो. माझ्या रागाला बसायला जागाच राहिली नाही.

पाहुणे सापडले ते पौडच्या अलीकडे, परत फिरलेल्या गाड्यांच्याच कोंडीत अडकलेले. दादाने काच वाजवून मुलाच्या आईला सांगितलं, "बाई, त्यो बोर्ड माझ्यासाटी व्हता. तुमी कशापायी पाळला?" आणि खिडकीतून डबा आत दिला. ती कोंडी सुटेपर्यंत बाईंनी खूण, देव, पाऊस हे सगळं सोडून भज्यांत ओवा किती घालता, हे विचारायला सुरुवात केली होती. हे मला मुलाच्या वडिलांनी नंतर हसत सांगितलं. मी हसलो नाही.

दुपार कलताना सगळी आमच्या घरात बसली होती. मागणी झाली, प्रार्थना झाली, दादाने पेटीवर वडिलांचं आवडतं गीत वाजवलं. रुथचा चेहरा बघून मला राहवेना. मी उठलो. मनात मोठं भाषण जुळवलं होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच:

"दादा, चुकलं बाबा." आणि पुढे काय बोलावं ते सुचेना, म्हणून, "झालं आता."

दादाने भाता बंद केला.

"असं न्हाई चालत," तो म्हणाला. "डोळ्यांत पानी कुटंय?"

मुलाची आई भजं हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. पाहुण्यांसमोर ही अशी परीक्षा! मला पुन्हा राग येणार होता, पण त्याआधी घाबरून मी समोरच्या ताटलीतलं हाताला लागेल ते तोंडात टाकलं. तळलेली मिरची होती, अख्खी. डोळ्यांतून धारा लागल्या, नाकातूनही लागल्या. दादा उठून जवळ आला, माझं तोंड दोन्ही हातांत धरून त्याने नीट निरखलं.

"मिरचीचं हाय," तो म्हणाला. "पन चालंल."

सगळं मिरचीचं नव्हतं. पण ते मी त्याला सांगितलेलं नाही.

फलक दादाने उतरवून नेला. आता तो टपरीवर छप्पर म्हणून ताणलाय, कोरी बाजू वर आणि अक्षरं आत. भजी खाणारा मान वर करतो, मागे फिरा वाचतो आणि अजून एक प्लेट मागवतो. पाळकसाहेबही तिथे जातात, आणि त्यांनी तो वाचून मला विचारलं, की एवढ्या गोंधळात शेवटी मागे कोण कोण फिरलं. मी सांगितलं, पुण्याच्या गाड्या फिरल्या, एसटी फिरली, पाहुणे येता-जाता दोनदा फिरले, दादा तर आधीच फिरला होता, आणि फलकसुद्धा उलटा होऊन फिरला. माझं विचाराल तर डॉक्टर म्हणतात, पट्टा अजून काढू नका. मान वळेल, पण हळूहळू.