उंद्रीत भेटलेला शेव्हेर

चिखलीहून उंद्रीला जाणाऱ्या एसटीत मी अगदी मजेत होते. तिकडे लांब पुण्यात मी हिब्रू शिकवते म्हटल्यावर शेजारच्या बाईंनी "काऊन?" (का?) असं विचारलं. सोमवारच्या तासाला 'शेव्हेर' हा शब्द घ्यायचा होता. शेव्हेर म्हणजे मोडणं, फुटणं. बायबलमध्ये हाडाचा शेव्हेर असतो, मडक्याचा असतो, मनाचा असतो, अख्ख्या समाजाचाही असतो. दरवर्षी मी हे फळ्यावर लिहिते आणि वेळेत घरी जाते.

खिडकीबाहेर तुरी शेंगांनी वाकल्या होत्या. कॉलेजच्या होस्टेलमधली माझी मैत्रीण सुनंदा शेंगा उकडून ठेवणार होती.

पोहोचले तर तिच्या अंगणात लोक तिरडी बांधत होते. तिचा नवरा पहाटे झोपेतच गेला होता. मी प्रवासात, मला कोण कळवणार? हातात बाकरवडीचा पुडा घेऊन मी खुळ्यासारखी उभी राहिले.

प्रेत उचललं आणि बायकांनी सुनंदाला आत पाटावर बसवलं. तिच्या हातांत हिरव्या बांगड्या होत्या. कुणीतरी वरवंटा आणून तिच्या सासूबाईंपुढे ठेवला. या घरात बांगड्या फोडायचा मान म्हणे थोरल्या विधवेचा. मान!

"मले नाई फोडायच्या," सुनंदा हळूच म्हणाली.

"असं कसं व वहिनी? रीत हाय," म्हणत नणंदेनं तिचा हात पाटावर दाबून धरला.

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. सासूबाईंनी वरवंटा उचलला तसे मी डोळे मिटून घेतले. पण आवाज आलाच नाही.

डोळे उघडले तर वरवंटा खाली होता आणि सासूबाईंनी आपलंच मनगट लेकीपुढे धरलं होतं. कातडीखाली ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी टणक दिसत होतं.

"माह्या फोडल्या तवा काच आत राह्यली," त्या म्हणाल्या. "वरून भरून आलं. भाकर थापतानी अजून बोचते. कोणालेच सांगतलं नाई म्या." मग लेकीला म्हणाल्या, "सोड तिचा हात. राहू दे तिच्या बांगड्या."

नणंदेनं हात सोडला. वरवंटा सासूबाईंनी स्वतःच जागेवर नेऊन ठेवला.

दोन दिवसांनी मी निघाले. परतीच्या एसटीत सोमवारचा तास आठवला. नुसताच वरवर बरा केलेला शेव्हेर, असाही एक उल्लेख जुन्या करारात येतो. तास संपत आलेला असतो म्हणून तो मी नेहमी घाईत उरकते. यंदा तिथूनच सुरुवात करणार आहे.

निघताना सासूबाईंनी माझं बोट धरून त्या काचेवर ठेवलं होतं.

"हाय ना?" त्यांनी विचारलं. इतकी वर्षं हे विचारायला त्यांना कुणी मिळालं नव्हतं.

"हाव," मी म्हणाले.