भेटींचा तक्ता

घड्याळकाकांनी एकतीस वर्षं मोज्यांच्या कारखान्यात माणसांच्या हालचाली मोजल्या. बाई बॉबिन बदलायला किती वेळा वाकते, गठ्ठा उचलायला किती पावलं टाकते, हे ते स्टॉपवॉच लावून टिपायचे आणि मग एखादं स्टूल वीतभर उंच करून द्यायचे. बायांचा राग असा नव्हता. ‘घड्याळकाका’ हे नाव मात्र त्यांनी ठेवलं ते ठेवलंच. चाळिशीत संध्याकाळच्या वर्गाला जाऊन त्यांनी संघटनशास्त्राची पदविका घेतली आणि तिथे त्यांना चौकोनांचं वेड लागलं. वर साहेब, खाली मुकादम, त्याखाली कामगार, मधे बारीक रेघा. दुपारी डोळे मिटले की अख्खा कारखाना त्यांना कागदावर दिसायचा, स्वच्छ आणि हलका. त्या कारखान्यात कोणी ओरडत नसे.

निवृत्तीनंतर वर्षभरातच बायको गेली. तेव्हापासून ते चर्चमध्ये अगदी मागच्या बाकावर बसत आणि रंगीत काचांतून जमिनीवर पडलेला उजेड उपासना संपेपर्यंत किती सरकतो ते बघत राहत. पाळकांनी त्यांना तिथेच गाठलं.

"काका, तुमची विद्या आमच्याही कामी येऊ द्या. आपली माणसं आजारी, एकट्या लोकांना भेटायला जातात खरी, पण कोण कुठे जातं याचा कोणाला पत्ता नाही. नुसता सावळागोंधळ!"

काकांना हुरूप आला. तीन आठवडे वही घेऊन त्यांनी मंडळीतल्या प्रत्येकाला विचारलं, गेल्या महिन्यात कोणाकडे गेलात? भेटीची गरज असलेली घरं निघाली बेचाळीस. त्यातल्या पुलापलीकडच्या नऊ घरांकडे कोणीही फिरकलं नव्हतं. आणि एका घरी दर आठवड्याला अकरा माणसं जात होती!

ते घर शिवणताईंचं. लाँड्रीच्या वर एक खोली, खिडकीशी शिलाई मशीन, एक पाय जरा अधू. बाकी बाई ठणठणीत. अकरा माणसं तिथे कशाला? वेळेचा इतका अपव्यय काकांनी कारखान्यातही पाहिला नव्हता. त्यांनी शिवणताईंचं नाव यादीतून काढलं आणि ती अकरा माणसं बाकीच्या घरांवर वाटून टाकली. तक्ता हॉलच्या भिंतीवर लागला. निळ्या रेघा, हिरवे चौकोन. पाळक तर बघतच राहिले. महिनाभर चालवून बघायचं आणि मग रविवारच्या सभेत तो कायमचा मंजूर करायचा, असं ठरलं.

दोन आठवडे सगळं सुरळीत. तिसऱ्या आठवड्यात बेकरीवाल्याची बायको चार दिवस दवाखान्यात होती आणि ते कोणालाच कळलं नाही. तिच्या घरापुढे 'भेट झाली' अशी खूण होती. झालीही होती, ठरल्याप्रमाणे वीस मिनिटं आणि तीही दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी. एक म्हातारे मास्तर आठवडाभर चष्म्याविना चाचपडत बसले होते. तेही कोणाला माहीत नव्हतं.

"आधी असं होत नव्हतं," पाळक कान खाजवत म्हणाले.

"मग आधी कळायचं कसं?" काकांनी विचारलं.

सभा दोन दिवसांवर आली होती. काकांनी वही काढली आणि त्या अकरा जणांना पुन्हा एकेक करून गाठलं. शिवणताईंकडे जाऊन करायचात काय?

"काही नाही. बसायचो," चर्चमधले पेटीमास्तर म्हणाले. "निघताना त्या म्हणायच्या, जाता जाता अमक्याकडे डोकावून जा. मग जायचो."

ज्या चौकोनातून सगळ्या रेघा निघत होत्या, नेमका तोच काकांनी खोडला होता.

तडक ते लाँड्रीचा जिना चढले. खालची वाफ खिडकीतून वर येत होती आणि दुपारच्या उन्हात सगळी खोली तरंगत असल्यासारखी वाटत होती. टांगलेले कोट, टाचण्या लावलेल्या बाह्या, सगळं पांढुरकं, मऊ. मशीनवर चादर घातलेली होती.

"या भाऊ," शिवणताई म्हणाल्या. "तुमच्या कागदात मी नाही म्हणे."

"चूक झाली, ताई. आजच उतरवतो तो तक्ता."

"उतरवू नका हो. पुलापलीकडची नऊ घरं मला कुठे माहीत होती? आणा इकडे यादी." मग मशीनकडे बघत म्हणाल्या, "खोटं कशाला बोलू? कोणी येईना, तेव्हा फार वाईट वाटलं. म्हटलं, आपलं काम संपलं. झाकून टाकलं मशीन."

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी यादी पुढे केली. शिवणताई एकेका नावावर बोट ठेवत सावकाश खाली आल्या. वाफ येत होती, विरत होती. किती वेळ गेला, कोण जाणे.

"एक घर राहिलंय यात."

"शक्य नाही. तीनदा मोजलीत मी."

"पाण्याच्या टाकीजवळ, दुसरा मजला. बायको गेलेला माणूस आहे. चौदा महिने झाले. एकटाच असतो."

टाकीजवळ कोण बरं, असं काका खरोखरच आठवू लागले. जिना आठवला, दार आठवलं, दारावरची पाटी आठवली. पाटीवर त्यांचंच नाव होतं.

"मला काय धाड भरलीय?" ते कसंबसं म्हणाले. "आणि तसं असतं तर तुम्ही कोणाला पाठवलं नसतंत?"

"पाच जणांना पाठवलं. तुम्ही प्रत्येकाला दारातच विचारलंत, काय काम आहे? काम तर काही नव्हतं. बिचारे परत आले."

रविवारी तक्ता मंजूर झाला. लाँड्रीवरच्या खोलीला मधोमध चौकोन मिळाला आणि बेचाळीस घरांची त्रेचाळीस झाली.

सोमवारी पाच वाजता काकांच्या दारावर थाप पडली. दारात पेटीमास्तर, हात रिकामे, चेहरा ओशाळा. घरात एकच खुर्ची वापरातली होती. दुसरीवर चौदा महिन्यांची वर्तमानपत्रं साठली होती. काकांनी ती सगळी उचलून जमिनीवर ठेवली आणि खुर्ची हाताने पुसली.

"बसा," ते म्हणाले. "इथे ती बसायची."