बदामाचा पाला

दिवाळी संपली की मी गॅलरीतल्या कुंड्या हिवाळ्यासाठी तयार करतो. जुनी माती उन्हात पसरायची, घरच्या ओल्या कचऱ्याचं खत मिसळायचं, मेथी-टोमॅटो लावायचे आणि रोपांभोवती सुक्या पाल्याचा थर द्यायचा. पाला आमच्या मुलुंडच्या सोसायटीतल्या, गॅलरीवर सावली धरणाऱ्या बदामाचा. सगळं कसं फुकट आणि नैसर्गिक, हे मी कुणी न विचारता सांगत असतो.

यंदा वॉचमन तोच पाला कोपऱ्यात जाळताना दिसला. मग काय, सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी उभा राहिलो आणि प्रदूषणावर बोललो. चांगलंच लांब बोललो. "पाला जाळणं बंद झालंच पाहिजे," म्हणून खाली बसलो, तेव्हा टाळ्यासुद्धा पडल्या. त्या टाळ्यांचं घरी बायकोला दोनदा सांगितलं.

पुढच्या रविवारी करवतीच्या आवाजाने जाग आली. छाटणीच्या नावाखाली बदामाचा नुसता बुंधा उरला होता. धावत खाली गेलो, तर सेक्रेटरी हसत म्हणाले, "काका, तुमचं काम केलं बघा. आता पालाच नाही, तर जाळणार काय?"

वर आलो. बायको खिडकीतच उभी होती. "अजून एक भाषण कर ना," ती म्हणाली, "बुंधाही जाईल."

मेथी मात्र झकास आली. परवा शेजारीण जुडी घेऊन गेली. जाताना विचारत होती, खत कुठलं घालता. मी म्हटलं, "खत नेहमीचंच आहे, वहिनी. ऊन नवीन आहे."