जिभेवरचं बोट

थोरली जाऊ शाळेत शिक्षिका, धाकटी त्याच शाळेत साफसफाईला. एकाच घरात नांदायच्या, एकाच फाटकातून आत शिरायच्या. पण फाटक आलं की थोरली ओळख नसल्यासारखी पुढे व्हायची.

फ्लूची साथ आली तेव्हा पहिली आजारी पडली ती धाकटीची लेक. थोरलीने शिक्षकांच्या खोलीत जाहीर करून टाकलं, "आमच्या धाकटीच्या पोरीनंच आणलाय हा शाळेत. घरात शिस्त असेल तर ना!" पोर बरी होऊन वर्गात परतली, तर शेजारी कुणी बसेना. घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली. त्या संध्याकाळी धाकटीने देवापुढे हात जोडले, लेकीला आयुष्य मागितलं आणि मग स्पष्टच म्हणाली, "देवा, या थोरलीचं नाक खाली झालेलं मला दाखव."

कामात तिने कसूर केली नाही. दारांच्या मुठी, जिन्याचे कठडे, नळ, बाकं साबणाच्या पाण्याने पुसून काढायची. पोरांवर तिचा काय राग? पुसता यायच्या नाहीत त्या फक्त वह्या. पोरं हातात शिंकायची, त्याच हाताने वही टेबलावर ठेवायची. थोरली लगेच तपासायला बसायची. जिभेवर बोट, पान उलट, पुन्हा जिभेवर बोट.

धाकटी खिडकीची काच पुसता पुसता बघायची. एका शब्दाने काम झालं असतं. तो शब्द ती रोज गिळायची. "चाट बाई, चाट," मनात म्हणायची.

थोरलीने अंथरूण धरलं. समाचाराला शाळेतल्या गाण्याच्या बाई आल्या. "अगंबाई, यांना कुठून झालं?"

औषधाची बाटली हातात घेऊन धाकटी खोलीच्या उंबऱ्यावरच थांबली. "पोरांच्या नाकातलं वह्यांवर, वह्यांवरचं यांच्या तोंडात! बोट चाटल्याशिवाय पान उलटत नाही ना बाईंचं. शिस्त हो, शिस्त!"

गाण्याच्या बाईंना हसू आवरेना.

"तू बघत होतीस?" थोरली कण्हत म्हणाली. "मग बोलली का नाहीस?"

"माझी पोर एकटी बसायची, तेव्हा तुम्ही कुणाला काही बोललात, ताई?"

थोरलीला खोकल्याची उबळ आली. धाकटी हलली नाही.

"शाळेत गेले की सांगेन," थोरली शेवटी म्हणाली. "पोरीचा दोष नव्हता म्हणून."

"कुणाला?"

"सगळ्यांना. वर्गातसुद्धा."

"ऐकलंत ना, बाई?" धाकटीने पाहुणीला विचारलं, मग आत जाऊन चमचा भरला. औषध कडू होतं. तिने ते अगदी सावकाश पाजलं.