अजून गारच दिसतंय

आमची ताई रंगाच्या दुकानात रंग मिसळते. तिथे यंत्र आहे, नाही असं नाही, पण यंत्राला फक्त शेड कार्डावरचा नंबर कळतो. 'दहा वर्षांपूर्वीचा तोच रंग द्या' म्हणत कुणी भिंतीचा खपला कागदात बांधून आणला, की ताईच लागते. खपला दारापाशी उजेडात धरायचा, डब्यात दोन थेंब लाल, एक थेंब काळा, ढवळायचं, बोटाने पुठ्ठ्यावर ओढून वाळवायचं, पुन्हा एक थेंब. तेहतीस वर्षं हेच चाललंय. थेंबाला ती चिमूट म्हणते, म्हणून दुकानात तिचं नाव पडलं चिमूटबाई. नाकावर माशी बसू देत नाही.

मी तिची धाकटी बहीण. घरात पडदे शिवते, आणि माझ्या तोंडाला कुलूप नाही हे सगळी गल्ली सांगेल. दोघी एकाच घरात राहतो. भांड्याला भांडं लागायचंच, आमची जरा जास्त लागतात.

तर झालं असं, की दोन महिन्यांत ताईने मिसळलेले तीन डबे परत आले. तिघांचंही एकच म्हणणं, रंग पिवळट झालाय. तिसऱ्या बाईला तर ताईने तोंडावर सुनावलं, आधी डोळे तपासून घ्या म्हणून. मालक भला माणूस. त्याने तिला आत बोलावलं आणि हळूच सांगितलं, चौथा डबा परत आला तर तुम्ही ब्रश-रोलरच्या काउंटरवर बसा.

त्या दिवशी घरी आली ती चपला न काढताच स्वयंपाकघरात गेली. म्हणाली, या भिंती रंगवायच्या. स्वयंपाकघराला ऊब हवी हे खरंच होतं. खिडकी उत्तरेला, उन्हाचं नाव नाही, भिंती पांढऱ्या आणि कपाटं ऑफ-व्हाइट. चहाला आधण ठेवायला उभं राहिलं की दवाखान्यात आल्यासारखं वाटायचं. पण ते तसं बारा वर्षं होतं, तेव्हा बाईला कधी सुचलं नाही. तिला स्वतःलाच दाखवायचं होतं की आपली नजर शाबूत आहे. आणि परीक्षा घेतली तीही सगळ्यांत अवघड. ऑफ-व्हाइटच्या पोटात एक रंग लपलेला असतो, कधी गुलाबी, कधी हिरवट, कधी पिवळा. तो ओळखून भिंतीचा रंग निवडला नाही, तर कपाटं मळकट दिसतात.

तिने कपाटाच्या दाराला कोरा कागद लावला. एक डोळा मिटून पाहिलं, दुसरा मिटून पाहिलं, आणि म्हणाली, पोटात पिवळा आहे. मला तर साफ गुलाबी दिसत होता. पडदे शिवते मी, आंधळी नाही. म्हटलं असेल बाई, तुझा धंदा आहे. ती माझी पहिली चूक.

मग सुरू झाले पट्टे. खिडकीशेजारच्या भिंतीवर वीतभर पट्टा ओढायचा, वाळू द्यायचा, लांबून पाहायचा. पहिला पट्टा इतका गोड होता म्हणून सांगू, भाजलेल्या पावाच्या कडेसारखा. मी मनात म्हटलं, सुटलो. ताई म्हणाली, "अजून गारच दिसतंय." दुसऱ्यात पिवळा वाढवला. तरी गार. जेवताना घास हातात धरून उठायची, भिंतीपाशी जाऊन उभी राहायची. दिवा लावायची, मालवायची, सकाळी दात घासता घासता पुन्हा तिथेच. कुठे म्हणून बूड टेकेना. माझ्याही मशीनवर टीप सरळ पडेना. पंधरा दिवसांत चौदा पट्टे झाले आणि प्रत्येक आधीच्याहून भडक.

डॉक्टरांकडे जा, एवढं म्हणायला काय होतं? हातच्या काकणाला आरसा कशाला? पण एरवी शेजाऱ्यांच्या जावयालाही चार गोष्टी ऐकवणारी मी मूग गिळून बसले. मला भीती वाटत होती. त्या डब्यांशिवाय ताई म्हणजे कोण, हे मला ठाऊक नव्हतं, आणि बहुतेक तिलाही नव्हतं.

शनिवारी मी पडदे पोचवून परत आले, तर बाईसाहेबांनी रोलर मारून एक अख्खी भिंत संपवली होती. काय सांगू. डोळे चुरचुरावेत असा पिवळा. कपाटं बिचारी आजारी माणसासारखी दिसत होती. ताई केसांना फडकं बांधून उभी होती, घामेजलेली, आणि कित्येक दिवसांनी तिचा चेहरा सैल होता.

ती कधी 'कसं दिसतंय' असं विचारत नाही. दुकानात हाताखालच्या सगळ्यांना तिने तेच शिकवलंय. चांगलं आहे का विचारलं की लोक हो म्हणतात, म्हणून नेहमी विचारायचं, काय जास्त झालंय?

"बोल, काय जास्त झालंय?"

"काहीच नाही. छान झालंय," मी म्हटलं.

ताईने भिंतीकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत मी तिच्या कशालाच छान म्हटलेलं नाही. तिच्या हातातला रोलर ठिबकत होता, खाली वर्तमानपत्रावर डाग पडत होते.

"खरं सांग."

"पिवळा," मी म्हटलं. "पिवळा जास्त झालाय, ताई. फार. आणि कपाटाच्या पोटात पिवळा नाहीच, गुलाबी आहे."

ती स्टुलावर बसली. मला वाटलं रडेल, किंवा माझ्या अंगावर येईल. तिने पदराने हात पुसले, फोन उचलला आणि मालकाला सांगितलं, की सोमवारपासून मी ब्रशच्या काउंटरवर बसते, डोळ्यांचं बघून घेते, आणि त्या तिघांना नवा डबा माझ्याकडून द्या. आवाज एकदम सपाट होता. मालक पलीकडून काहीतरी समजावत होता. तिने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

मी म्हटलं, मोतीबिंदूच असणार, त्यात पिवळा फिका दिसतो म्हणतात, हल्ली त्याचं काय एवढं, अर्ध्या तासाचं काम, पुन्हा दिसेल सगळं. एवढ्या दिवसांचं साठलेलं सगळं बोलून टाकलं, तोंडाचा पट्टा थांबेना. तिने तो आपणहून थांबू दिला.

मग म्हणाली, "तीन परकी माणसं दुकानात येऊन मला खरं सांगून गेली. त्यातल्या एकीला मी वाटेल ते बोलले. मला वाटायचं, खरंच चुकत असतं तर घरात बसलीय ना एक, ती गप्प बसली नसती."

माझ्यावर विसंबून ती पंधरा दिवस त्या भिंतीशी झगडत होती, आणि मी समजत होते की मी तिला जपतेय. लाज वाटली.

ताई उठली. पांढऱ्या रंगाचा डबा उघडून तिने त्यात लाल चिमूटभर टाकला, ढवळला, पुठ्ठ्यावर बोट ओढलं आणि पुठ्ठा माझ्यापुढे धरला. तिला त्यात काही दिसत नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

"सांग," ती म्हणाली.

मी डोळे पुसले आणि नीट पाहून सांगितलं, लाल जास्त झालाय.