उलट्या तारांची गिटार

लाइट जाते, कूलरचं पातं दोन-चार गिरक्या घेऊन थांबतं आणि घर एकदम मुकं होतं. त्या शांततेत भिंतीवरून आवाज येतो. टुंग.

खिळ्याला टांगलेल्या छोट्या गिटारची खुंटी उन्हाने सैल झाली की तार अशी आपली आपण बोलते. हर्षदाला ते ठाऊक आहे, म्हणून ती डोळे उघडत नाही. भुसावळच्या वैशाखात भर दुपारी डोळे उघडून बघायचं तरी काय. शेजारी कनक झोपलीय, सहा वर्षांची, घामाने डबडबलेली. तिच्या डाव्या हातात पांढरा मोजा आहे. जेवायला बसली की सासूबाई तो चढवतात. "पोरीच्या जातीला डाव्या हाताने घास शोभतो का," म्हणतात. पान उचललं की मोजा काढायचा असतो. आज कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

याच खोलीत धनराज संध्याकाळी गल्लीतल्या पोरांना गिटार शिकवायचा. दिवाळीच्या तोंडावर डेंग्यूने त्याला नेलं. पोरं यायची थांबली, चटई गुंडाळून कपाटामागे गेली. आणि जिला शिकवायचं त्याच्या सगळ्यात जास्त मनात होतं, ती आता गिटारकडे बघतही नाही. "मला नको," म्हणते, "माझा हात वेडा आहे."

टुंग. पुन्हा.

"उतरलीय बघ ती," कुणीतरी म्हणतं.

चटई अंथरलेली आहे. भिंतीला टेकून धनराज बसलाय, चौकटीचा शर्ट, बाह्या दुमडलेल्या.

"अहो, तुम्ही कधी आलात?"

"आई झोपलीय ना?"

"हो."

"मग 'अहो' कशाला?"

सासूबाईंसमोर अहो आणि दार लोटलं की अरे, असा त्यांचा रिवाज होता. हर्षदाला हसू येतं, पण ते गालापर्यंत पोचत नाही. कारण चटईवर पोरं बसली आहेत. माटेंची जुळी, कोपऱ्यावरच्या किराणावाल्यांची पिंकी, आणखी कोण कोण, पार भिंतीच्या पलीकडेपर्यंत. प्रत्येकाच्या मांडीवर गिटार आहे आणि प्रत्येकाच्या डाव्या हातात पांढरा मोजा. पोरं तारा दाबतात, मोजा घसरतो. इतक्या गिटारी वाजताहेत आणि आवाज नाही.

"त्यांचे मोजे काढ ना रे."

"मला निघत नाहीत." तो आपला डावा हात पुढे करतो. बोटांची टोकं गुळगुळीत आहेत, तान्ह्या बाळाची असावीत तशी.

"घट्टे कुठे गेले तुझे?"

"राहिले नाहीत."

तारांनी पडलेले ते घट्टे तिला डोळे मिटूनही ओळखू यायचे. कनक तान्ही असताना तो तिला उजव्या हातानेच कुरवाळायचा, डावा हात खरखरीत लागतो म्हणून.

ती त्याच्याकडे जायला निघते, तर चटई संपतच नाही. पायाखाली गार फरशी लागते, फिनेलचा वास येतो. खाटेवर तो उशीला टेकून बसलाय. सलाइनच्या दांडीला बाटलीच्या जागी छोटी गिटार टांगलीय आणि तो खुंट्या पिळतोय. डोळे तापाने लाल.

"तापात कसल्या तारा बदलत बसलायस?"

"बरा असताना वेळ कुठे मिळायचा?" तो मान वर करत नाही. "पण तू त्या परत काढल्यास."

"काढणारच. जाड तार खाली, बारीक वर. मला वाटलं, तापाच्या भरात तुझं चुकलं." ती खाटेची कड धरते. "तेराव्यानंतर एकटी बसले आणि एकेक नीट लावली. तुझ्या हातचं शेवटचं काम, त्याला कुणी हसू नये म्हणून."

सलाइनच्या नळीतून थेंब पडतात आणि प्रत्येक थेंबाला तार वाजते.

"कनक कोणत्या हाताने छेडते, हर्षा?"

घरात त्या हाताचं नाव कुणी घेत नाही.

"त्या उलट्या तारांवर एकदाच वाजवलं तिने," तो म्हणतो. "तू आत वरणाला फोडणी देत होतीस. तिथूनच म्हणालीस, आज फार गोड वाजवतोयस रे."

मोहरी तडतडते. तिच्यातून एकच कॉर्ड येतो, स्वच्छ, सगळ्या तारा जुळलेला. मागोमाग कनक खुदकन हसते. तेव्हा हर्षदाला वाटलं होतं, धनराजच वाजवतोय.

"तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"आईसमोर तिलाच वाजवायला लावणार होतो. रविवारी."

रविवारी त्याला घरी आणलं होतं, पांढऱ्या चादरीत.

फरशी तापत जाते. तापीकाठची वाळू आहे, ओल्या लाकडांचा धूर आहे. पोरं नाहीत. नुसते पांढरे मोजे वाळूवर पडलेत.

"मला नाही शिकवता येणार," ती म्हणते. "चार कॉर्ड येतात मला, तेही तू बोटं धरून बसवलेले."

"पुष्कळ झाले. तिच्या समोर बस. आरशात बघितल्यासारखं तुझं बघून ती धरेल. पण आधी तू तिच्यासारखी धर. कळू दे तुला."

गिटार तिच्या मांडीवर येते, उलट्या बाजूने. ती उजव्या हाताची बोटं तारांवर ठेवते. परक्याची असावीत तशी अडाणी बोटं. मागून तो आपला हात तिच्या हातावर ठेवतो. त्या हाताला वजन नाही, नुसती धग आहे.

"दाब."

"दाबतेय."

"अजून."

तार मांसात रुतते. "दुखतंय रे. सोडू का?"

"सोडलीस की मी गेलो."

म्हणून ती दाबून धरते. धग मनगटावर चढते, कोपरापर्यंत येते. असंच धरून बसावं, जळू दे हात, असं तिला खरंच वाटतं. तेवढ्यात दुरून, नदीच्या अंगाने, कुणीतरी हाक मारतं. आई. धग वाढते. पुन्हा हाक येते, या वेळी रडवेली. हर्षदा बोटं उचलते.

कूलर घरघरत सुरू होतो. कनक उठून बसलीय, मोज्यातल्या हाताने डोळे चोळतेय. गिटार खिळ्यावर जिथल्या तिथे आहे. हर्षदा आपला उजवा हात बघते. तीन बोटांच्या टोकांवर लाल, खोल रेघा उमटल्या आहेत.

ती आधी कनकच्या हातातला मोजा ओढून काढते. आतली बोटं घामाने पांढरी पडून सुरकुतली आहेत. मग ती गिटार खाली घेते आणि पहिली खुंटी सैल करते.

आतल्या खोलीतून सासूबाई विचारतात, "काय चाललंय गं?"

"तारा बदलतेय."

"चांगल्या नीट आहेत की."

"नाहीत, आई. आणि उद्यापासून पोर तिच्या डाव्या हाताने जेवेल."

आतली खाट कुरकुरते.

कनक आधी आतल्या दाराकडे बघते, मग हळूच डावा हात पुढे करून सैल तारेला लावते. आईची बोटं दिसल्यावर ती जवळ सरकते आणि एकेका रेघेवरून बोट फिरवते.

"तुला पण झाल्या? बाबांसारख्या?"

"हो."

"मग आता तुला घट्टे होणार. आणि मग मला."

"होतील हळूहळू."

हर्षदा जाड तार खुंटीतून सोडवून घेते. कनक तिची बोटं सोडत नाही. काहीतरी मनात जुळवत असल्यासारखी ती त्यांच्याकडे बघत राहते.

"आई, बाबांचे घट्टे पण जळले का गं?"