म्हणायचं होतं मोरपंखी

इतवारीच्या बाजारात भैयाजींचं साडीचं दुकान होतं. तिथल्या गादीवर नानाजी पौनीकर सव्वीस वर्षं बसले. बाप कोष्टी, घरात माग, त्यामुळे अक्षरओळखीच्या आधी त्यांना रंगांची ओळख झाली. बाया पोलक्याचा तुकडा घेऊन यायच्या आणि नुसतं "असं पाहिजे" म्हणायच्या. नानाजी तुकडा उजेडात धरायचे आणि मागं न बघता सांगायचे, "चंद्रभान, वरच्या खणातलं डाळिंबी काढ. लाल नाही, डाळिंबी." चंद्रभान शिडीवर चढून नेमकं तेच आणायचा. श्रीखंडी आणि मोतिया यांतला फरक पुष्कळ बायांना नाव ऐकल्यावरच दिसायला लागायचा.

चौऱ्याहत्तरच्या वैशाखात, लग्नसराईच्या गर्दीत, धंतोलीच्या सुहासिनीबाईंनी मुलीसाठी मोरपंखी साडी मागितली. नानाजी म्हणाले, "चंद्रभान, पोपटी काढ."

चंद्रभाननं पोपटी आणली. ती बघून नानाजी वैतागले. "हे काहून आणलं गा?"

"तुम्हीच तं पोपटी म्हणलं."

"मी मोरपंखी म्हणलो."

"नाही हो, पोपटीच म्हणालात," सुहासिनीबाई म्हणाल्या.

नानाजींनी पोपटी बाजूला सारली. डोळ्यांपुढे मोरपंखी होती, मनात मोरपंखी होती, मग तोंडातून पोपटी कुठून आली?

पुढच्या महिन्याभरात हे वाढतच गेलं. डाळिंबीच्या जागी संत्री यायचं. कधी कधी काहीच यायचं नाही. शब्द 'आ'नं सुरू होतो एवढं कळायचं, तो केवढा लांब आहे तेही कळायचं, पण मधलं सगळं धूसर. "आकाशी नाही गा... आंब्याचा नाही..." असं म्हणत ते हवेत बोटं फिरवायचे. वरून चंद्रभान विचारायचा, "आमसुली का?" आणि नानाजी म्हणायचे, "हो, तेच." दुसऱ्यानं उच्चारला की शब्द लगेच घरच्यासारखा वाटायचा. मग तो स्वतःहून का येत नव्हता?

घरी तर आणखीच चमत्कारिक. एका रविवारी वारा सुटला आणि नानाजींनी ओट्यावरून हाक मारली, "पंचफुला, तुझं आमसुली पातळ पडलं वं खाली."

बायको धावत बाहेर आली. "आलं की तुमाले नाव. पुन्हा म्हणा बरं, कोणतं?"

नानाजींनी पातळाकडे पाहिलं. शब्द गेला होता. आत्ताच तो तोंडातून निघाला होता, आणि आता तो होता की नव्हता हेही सांगता येईना. पंचफुलानं पातळ झटकलं आणि म्हणाली, "उद्या दवाखान्यात जाऊ."

मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं कंगवा, किल्ली, चमचा, पेन दाखवलं. नानाजींनी भराभर नावं सांगितली. मग डॉक्टरनं पंचफुलाच्या पदराकडे बोट केलं. नानाजींचे ओठ हलले, आवाज आला नाही.

"बोलताना आधी मनात अर्थ सापडतो, मग त्याचा आवाज," डॉक्टर म्हणाला. "तुम्हाला अर्थ सापडतो आहे. आवाज शोधताना शेजारचाच हाती लागतो, नाहीतर अर्धाच लागतो. थोडंफार असं सगळ्यांचं होतं. तुमचं इतकं का होतं आहे, ते मला सांगता येत नाही."

नानाजींनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, मंग मी बोलतो तवा शब्द कोण निवडून राह्यते? मी तं कधी निवडला नाही. आजवर आपोआपच येत होता."

डॉक्टरनं कागद पुढे ओढून ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या.

श्रावणात नानाजी विणकराला कुसुंबी सांगायला गेले आणि गुलबक्षी सांगून आले. आठ साड्या विणून झाल्यावर ते उघड झालं. भैयाजी रागावले नाहीत. "नानाजी, चार महिने घरी आराम करा," एवढंच म्हणाले. नानाजींना ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे दुकानात आले, चपला काढल्या आणि गादीकडे न जाता शिडीपाशी उभे राहिले. "चंद्रभान, तू बस खाली. तू बोल, मी काढतो."

चंद्रभान संकोचला. "नानाजी, तुम्ही चढान? आन मले कुठं येतात एवढे रंग?"

"ऐकलेलं मले सारं समजते गा. फक्त बोलणं तेवढं तुझं."

बावन्नाव्या वर्षी ते शिडी चढू लागले. चंद्रभान खालून जांभळा म्हणायचा आणि नानाजी बाईच्या हातातला तुकडा वरूनच बघून वांगी काढायचे. हात चुकत नव्हता. ओळखीच्या बाया पहिल्यांदा कळवळायच्या, मग त्यांना सवय झाली. नानाजींना मात्र झाली नाही. घडी खाली देताना तिचं नाव पुटपुटायचा प्रयत्न ते रोज करायचे. एखाद्या दिवशी पाच-सहा नावं सरळ यायची आणि ते सुखावायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरे. आज का आलं आणि काल का नाही, याचा हिशेब त्यांना कधीच लागला नाही.

असं नऊ वर्षं चाललं. एका दुपारी चंद्रभान जेवायला गेला असताना नरखेडकडच्या रुखमाबाई आल्या. नानाजींनी त्यांच्यापुढे दहा साड्या उलगडल्या. एका फिकट हिरव्या-पिवळ्या साडीवर बाईंचा हात थांबला.

"बाई, याले काय म्हणता तुम्ही?" नानाजींनी विचारलं.

"हा तं कच्च्या मोसंबीचा रंग."

नानाजी थबकले. हे नाव कधीकाळी आपल्याला येत होतं आणि आता गेलं, की आपण ते आजच ऐकलं, हे त्यांना ठरवता येईना. त्यांनी ते दोनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं. बाई त्यांच्याकडे जराशा चकित होऊन बघत राहिल्या, आणि नानाजी घडी घालता घालता तिसऱ्यांदा म्हणाले, "कच्च्या..." आणि थांबले.